क्लूकर्णी

क्लूकर्णींना कोणी पत्ता विचारू नये. विचारायचाच असेल, तर हाताशी अर्धा तास आणि पोटात काहीतरी असावं. बाजीराव रस्त्यावर एखादा बाहेरगावचा स्कूटरवाला गाडी कडेला घेऊन विचारतो, "काका, शनिपार कुठं आला हो?" दुसऱ्या कोणी नुसता हात करून दाखवला असता. क्लूकर्णी आधी त्याला गाडी बंद करायला लावतात. मग म्हणतात, "तुम्ही शनी शोधताय का पार?" माणूस गडबडतो. "असं करा, सरळ जा. जिथं तुमची खात्री पटेल की आपण चुकलो, तिथं थांबा. समोर बघू नका. कोणी तुमच्याकडं बघून हसतंय का बघा. हसला तर पोचलात." तो बिचारा नजरेआड होईपर्यंत हे फुटपाथवर उभे राहतात आणि मग घड्याळात वेळ बघून ठेवतात. कशासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत.

खरं आडनाव कुलकर्णी. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या पोरांनी त्यांच्या दारावरच्या पाटीवरचं 'कुल' खडूनं खोडून वर 'क्लू' लिहिलं. पोरांची अपेक्षा होती की काका खाली येऊन आरडाओरडा करतील. काकांनी पाटी उतरवून नेली आणि चार दिवसांनी तीच दुरुस्ती पक्क्या रंगात करून आणली. तेव्हापासून सिलिंडरवालासुद्धा 'क्लूकर्णी कोणता मजला' असं विचारतो आणि वॉचमन त्याला मजला सरळ सांगतो, कारण वॉचमन साताऱ्याचा आहे.

त्यांचा धंदा, किंवा व्यसन, एकच. महिन्या-दोन महिन्यांतून एका रविवारी सकाळी साडेसहाला ते तीस-चाळीस धडधाकट, कमावत्या, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसांना पेठांमध्ये सोडतात. हातात एक पाकीट, पाकिटात दोन ओळी. त्या ओळी सुटल्या तर पुढचं पाकीट कुठे आहे ते कळतं, तिथून पुढचं, आणि शेवटी मिसळ. याला ते ट्रेझर हंट म्हणतात. ट्रेझर कोणती असं विचारणाऱ्याला नाव नोंदवू देत नाहीत.

हे असं नव्हतं आधी. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले क्लूकर्णी हे आमच्या सोसायटीतलं सर्वांत टाळलं जाणारं व्यक्तिमत्त्व होतं. जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यातला. वाडा गेला, हे कोथरूडला आले, पण वाड्याच्या आसपासची प्रत्येक विहीर, हौद, पार आणि बोळ डोक्यात घेऊन आले. लिफ्टमध्ये ते आत शिरले की लोकांना अचानक जिना आठवे. एका लग्नात आंतरपाट धरलेला असताना त्यांनी मुलीच्या मामाला सांगितलं होतं की दुसऱ्या बाजीरावाला शनिवारवाड्यात करमायचं नाही, म्हणून त्यानं विश्रामबागवाडा बांधला. मामा शेवटचं मंगलाष्टक होईपर्यंत हलू शकत नव्हता, आणि हे क्लूकर्णींना पक्कं ठाऊक होतं. पुण्यात माहिती कोणाकडेच कमी नसते. टंचाई आहे ती ऐकणाऱ्यांची.

मग बी विंगमधल्या एका मुलीचा वाढदिवस आला. तिच्या आईनं पार्किंगमध्ये दहा चिठ्ठ्या लपवल्या होत्या. मुलं चौथ्या चिठ्ठीला कंटाळून केककडे गेली. पाचवीपासून पुढे आयांनी आणि बापांनी ताबा घेतला. नऊवारी सोडता सगळ्या पोशाखांतली माणसं जमिनीवर होती. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पंपरूममागे ओणव्या झालेल्या, कर्नलसाहेब जनरेटरवर चढलेले, आणि एका चिठ्ठीच्या दोन तुकड्यांवरून दोन सख्खे शेजारी हमरीतुमरीवर आलेले. क्लूकर्णी कडेला कागदी डिशमधले वेफर्स खात उभे होते. जी माणसं त्यांचं एक वाक्य पुरं ऐकून घेत नव्हती, ती वीतभर कागदासाठी जनरेटरवर चढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅमिनेशनवाल्याचं दुकान उघडायच्या आधी हे दाराशी हजर.

त्यांचं सगळं शास्त्र तेवढ्यात आलं. इतिहास सांगितला की माणसं उठून जातात. तोच लपवून ठेवला की दोनशे रुपये भरून शोधायला येतात.

मला विचाराल तर यात क्लूकर्णींच्या हुशारीपेक्षा लोकांची भूक जास्त आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला रस्त्यात पळायचं तर काहीतरी कारण लागतं. बस सुटत असावी, नाहीतर कुत्रं मागे लागलेलं असावं. विनाकारण पळणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात. म्हणून माणसं जिममध्ये पैसे भरून एकाच जागी पळतात, किंवा तासाच्या भाड्यानं टर्फ घेऊन जाळीच्या आत पळतात. क्लूकर्णी उघड्या रस्त्यावर पळायचं कारण देतात, आणि शेजाऱ्याशी बोलायचंही. वर्षानुवर्षं एकमेकांना लिफ्टमध्ये नुसत्या भुवया उडवून दाखवणारी माणसं त्या रविवारी एकमेकांवर मनसोक्त ओरडतात. 'अहो, तुम्हाला उजवं-डावं कळतं का?' असं खडसावल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, निदान आमच्याकडे.

हा खेळ साहेबाचा आहे, असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या पुतण्यानं एकदा इंटरनेटवर वाचून सांगितलं की न्यूयॉर्कच्या श्रीमंतांमध्ये १९३०च्या दशकात अशा शोधाशोधीच्या पार्ट्यांचं वेड होतं, 'माय मॅन गॉडफ्री' नावाचा १९३६चा सिनेमाच त्यावर सुरू होतो, आणि त्यात शोधायच्या वस्तूंच्या यादीत 'जगानं विसरलेला माणूस' हीसुद्धा एक वस्तू असते. क्लूकर्णी म्हणाले, "त्यात काय? आमच्या पेठेत जगानं विसरलेला माणूस शोधावा लागत नाही. गल्लोगल्ली नावात बसलाय." आणि मग त्यांनी किष्किंधाकांड काढलं.

ते काढलं की थांबत नाहीत, पण त्यांच्या म्हणण्यात दम आहे. सुग्रीवानं चार दिशांना चार टीम पाठवल्या. पूर्वेला विनत, पश्चिमेला सुषेण, उत्तरेला शतबली, दक्षिणेला अंगद. मुदत एक महिना, उशीर झाल्यास शिक्षा. कुठल्या दिशेला काय लागेल याचं तपशीलवार वर्णन आधी सांगितलेलं. ओळख पटवायला अंगठी, आणि जाऊन आल्याचा पुरावा म्हणून परतताना चूडामणी. तीन टीम हात हलवत परत. चौथी स्वयंप्रभेच्या गुहेत शिरली, तिथं पोटभर जेवली आणि तेवढ्यात मुदत टळली. "म्हणून," क्लूकर्णी बोट वर करून म्हणतात, "आपल्या नियमात मधे नाश्ता नाही. अंगदाची टीम अन्नामुळे बाद होणार होती. संपाती भेटला म्हणून वाचली. आणि जिंकलं कोण? मारुती. पुण्यात इतके मारुती कशाला आहेत असं विचारतात लोक!"

मारुती हा त्यांचा हुकमी एक्का. पुण्यात नुसतं 'मारुतीपाशी ये' असं म्हणणं म्हणजे न येण्याची सोय करणं. पत्र्या मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, अकरा मारुती, आणि आणखी कितीतरी. गणपती घ्यायचे तर गुपचूप, मोदी, माती, चिमण्या. विठोबा पाहावा तर एक निवडुंग्या, एक पासोड्या, एक चक्क उपाशी. देवांना अशी नावं ठेवणाऱ्या गावात कोड्यांसाठी वेगळी प्रतिभा लागत नाही. फक्त नावामागची गोष्ट उलटी करून लिहायची. त्यांचं पहिलं पाकीट नेहमी सोपं असतं:

हलवायाचा शेजार घडला,
ब्रह्मचाऱ्याला पाक चढला.

पेठेत वाढलेला माणूस पाकिटाला हात न लावता जिलब्या मारुतीकडे चालू लागतो. बाकीचे उभ्या उभ्या फोन काढतात. फोनला बंदी नाही. क्लूकर्णींचं म्हणणं, फोनला मराठी कळतं पण टोमणा कळत नाही.

बाकी नियम कडक. चौघांची टीम. नवरा-बायको एका टीममध्ये चालतील, पण भांडण झाल्यास वेळ वाढवून मिळणार नाही. बस, रिक्षा, दुचाकी वर्ज्य. देवळात चपला घालून शिरणारी टीम बाद. आणि पुजारी, दुकानदार, फूलवाले यांच्याशी उद्धट बोलल्यास दहा मिनिटं दंड. पेठेतले दुकानदार उद्धट बोलल्यास मात्र तो स्थानिक संस्कृतीचा भाग धरावा, असं छापील पत्रकात आहे.

दुकानदार हे त्यांचं गुप्त खातं. पाकिटं कुणाकडे तरी ठेवावी लागतात. आदल्या संध्याकाळी क्लूकर्णी पिशवी घेऊन निघतात. एक चावीवाला, एक सायकल दुरुस्तीवाला, आणि देवळापाशी बसणाऱ्या एक फूलवाल्या मावशी. चावीवाला इमानी आहे, खूण सांगितल्याशिवाय पाकीट देत नाही. एकदा तर खुद्द क्लूकर्णींनाच दिलं नाही, कारण गडबडीत तेच खूण विसरले होते. मावशींनी मात्र स्वतःचा नियम घातला. गजरा घेतल्याशिवाय पाकीट नाही. पहिल्या खेपेला क्लूकर्णी संतापले. "मावशी, हा खेळ आहे, धंदा नाही." मावशी म्हणाल्या, "तुमचा खेळ. माझं सकाळचं गिऱ्हाईक." पुढच्या वेळेपासून प्रवेशफीत गजऱ्याचे पैसे धरले गेले, आणि कर्नलसाहेब मनगटाला मोगरा बांधून लक्ष्मी रस्ता ओलांडताना दिसू लागले.

येणाऱ्या टीमचेही ठरावीक नमुने असतात. एक टीम निवृत्तांची. ही पळत नाही, पण हिला सगळं माहीत असतं, फक्त एकाला जे माहीत असतं ते दुसऱ्याला मान्य नसतं. 'नको नको जो म्हणत राहिला, नावानं त्याच्या बाजार भरला' हे पाकीट आलं, तेव्हा हे चौघं मंडईकडे निघाले खरे, पण वाटेत थांबून त्यांनी वीस मिनिटं वाद घातला. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी नव्या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर लावा म्हणून. तरी १८८६ साली ती अष्टकोनी इमारत उभी राहिली, गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावानं रे मार्केट झाली, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचंच नाव मिळालं. वाद यातल्या कशावरच नव्हता. वाद होता तो भाजी मंडईतून घ्यावी की कोथरूडात, यावर. ते पोचले तेव्हा पाकीट ठेवलेला गाळेवाला चहाला गेला होता.

दुसरी टीम कॉलेजातल्या मैत्रिणींची, आता पन्नाशीतल्या. या पाकीट उघडण्याआधी फोटो काढतात. यांना कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि त्या दर खेपेला पहिल्या तिनांत असतात, कारण पेठेतल्या प्रत्येक गल्लीत त्यांची एक मावशी, आत्या किंवा मोडलेलं स्थळ आहे. "इथं मला बघायला आले होते," म्हणत एकीनं बाकीच्यांना एका बोळातून थेट दुसऱ्या पेठेत काढलं. नकाशात तो बोळ नाही. क्लूकर्णींच्या डोक्यातल्या नकाशातही नव्हता. त्या दिवशी ते थोडे गप्प होते.

आणि तिसरी, हिंजवडीची. ही टीम म्हणजे आमच्याच इमारतीतलं एक तरुण जोडपं आणि त्यांचे दोन सहकारी. बूट नवे, पाठीवर पाण्याच्या पिशव्या, मनगटावर धडधड मोजणारी घड्याळं. चौथं पाकीट असं होतं:

शिपायांनी बांधला गेंडा,
मालक आत मोरावर;
पुढचं पाकीट तिथंच आहे,
नजर ठेवा दारावर.

त्यांनी दोन मिनिटं विचार केला. गेंडा, मोर, दारावर शिपाई. मग चौघं एकदम ओरडले आणि कारमध्ये बसून कात्रजला गेले. प्राणिसंग्रहालयाला.

नियमात रिक्षा होती, बस होती, दुचाकी होती. कार नव्हती. रविवारी का होईना, पण पेठेत कोणी आपण होऊन कार घेऊन येईल, ही कल्पनाच क्लूकर्णींना शिवली नव्हती. प्राणिसंग्रहालय उघडायला बराच वेळ होता. या चौघांनी तिथल्या शिपायाला विचारलं, "दादा, आमचं पाकीट आहे का तुमच्याकडे?" शिपाई सकाळपासून असले प्रश्न ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. मग यांनी फोन केला. "काका, इथं गेंडा दिसत नाहीये." पलीकडून खूप वेळ आवाजच आला नाही. मग क्लूकर्णी अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही शोधत राहा."

गेंडा सोमवार पेठेत आहे, नागझरीच्या बाजूला, त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ साली या देवळाचं बांधकाम सुरू केलं. काळ्या दगडाचा दर्शनी भाग शिल्पांनी गच्च भरलेला, आणि त्यात बंदूकधारी शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधताहेत. प्लासीनंतर बंगाल गिळणारे इंग्रज ते हेच, असं काही जाणकार मानतात. आत तीन सोंडांचा गणपती, मोरावर बसलेला. भिंतीवर संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख. हिंजवडीचं जोडपं तिथं पोचलं तेव्हा बाकीच्यांची मिसळ संपून ताक चाललं होतं. तरी ती दोघं अर्धा तास त्या भिंतीसमोरून हलली नाहीत. "काका, हे इथं होतं?" असं त्या मुलीनं विचारलं. क्लूकर्णींनी फक्त मान हलवली. एवढी संधी हातात असून ते एक शब्द बोलले नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय.

बोलतात ते एकाच ठिकाणी. बुधवारातल्या बाहुलीच्या हौदापाशी. तिथं पाकीट नसतं, ते स्वतःच उभे असतात आणि पुढचं पाकीट त्यांच्या खिशात असतं. त्यामुळे टीमला थांबावंच लागतं. डॉक्टर विश्राम रामजी घोले, महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी आपल्या मुलीला, काशीबाईला, शिकवायला घेतलं. ज्यांना ते सहन झालं नाही त्यांनी लाडवातून काचा घातल्या आणि पोर गेली, असं सांगतात. तिच्या आठवणीसाठी डॉक्टरांनी हा हौद बांधला, पाणी सगळ्या जातींना खुलं ठेवलं आणि वर बाहुली बसवली. क्लूकर्णी हे चार मिनिटांत सांगतात. कोटी नाही, यमक नाही. टीम एरवी घड्याळाकडे बघत जागच्या जागी उड्या मारत असते, ती इथं उभी राहते. सांगून झालं की ते पाकीट देतात आणि "पळा आता," म्हणतात. इतकंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की त्या दिवशी पुढचं पाकीट उघडायला त्यांची टीम विसरली होती. क्लूकर्णींनी त्याबद्दल त्यांना दंड केला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतली एकमेव सूट.

कोडी जमत नाहीत अशाही जागा आहेत. कात्रजच्या तलावापासून नानासाहेब पेशव्यांच्या काळात जमिनीखालून पाणी आणलं, त्या नळाचे उच्छ्वास म्हणजे दाबलेली हवा बाहेर सोडणारे दगडी खांब काही ठिकाणी उभे आहेत. यावर क्लूकर्णींनी फार मनापासून लिहिलं, 'कात्रजहून निघालं पाणी, पेठेत येऊन दमलं, दम खायला उभं राहिलं, तिथं कोण कोण जमलं?' एकही टीम पोचली नाही. उलट निवृत्तांच्या टीमनं पानशेतच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं याच्या आठवणी सुरू केल्या. १२ जुलै १९६१, कोण कोणाच्या गच्चीवर होतं, कोणाच्या घरातली ट्रंक कुठे सापडली. चार वेगवेगळ्या टीमची माणसं एका पायरीवर बसून ऐकत राहिली. खेळ तिथंच बारगळला. क्लूकर्णी बोळाच्या तोंडाशी उभे राहून पाहत होते. श्रोते होते, इतिहास होता, बोलणारा मात्र दुसराच.

घरी वहिनी. वहिनींनी आजवर एकाही हंटमध्ये भाग घेतलेला नाही. त्यांना प्रत्येक कोडं ऐकताक्षणी सुटतं, आणि ते त्या नवऱ्याला सांगतात, हीच त्यांची घरातली खरी सत्ता. पाकीट तयार झालं की ते ओट्याशी जाऊन उभे राहतात. वहिनी पोळी लाटतच ऐकतात आणि म्हणतात, "पत्र्या मारुती. दुसरं वाचा." क्लूकर्णी निमूटपणे कागद फाडतात. वहिनींचं गाऱ्हाणं वेगळंच. पाकिटं पावसात भिजू नयेत म्हणून हे घरातले स्टीलचे डबे नेतात आणि आणत नाहीत. नारळीभाताचा एक डबा आजही कुठल्यातरी पारावर असेल. एका श्रावणात त्यांनी यांना वाण्याकडे पाठवलं, तेव्हा यादी दिली ती अशी: 'काळी आहे, तीळ नाही, गोल आहे, पैसा नाही, फोडणीत पडली की गप्प बसत नाही, घरच्यासारखी.' क्लूकर्णी वाण्यासमोर पाऊण तास उभे होते. शेवटी वाण्यानंच सांगितलं, "मोहरी हो, काका."

मुलीकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा जावयानं कौतुकानं त्यांना तिथला खेळ दाखवला. मे २००० मध्ये तिकडच्या सरकारनं उपग्रहाच्या खुणांमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि लगेच ओरेगॉनमध्ये एकानं जंगलात बादली पुरून जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आता जगभर लोक असे डबे लपवतात आणि शोधतात. जावई त्यांना एका बागेत घेऊन गेला. फोननं वाट दाखवली, झुडपाखाली डबा निघाला, डब्यात वही, वहीत नाव लिहिलं. क्लूकर्णी निराश. "अहो, पण त्यानं पत्ता सरळच सांगितला की!" त्या पहिल्या बादलीत म्हणे बीन्सचा डबा होता. त्यावरही त्यांचं मत आहे. बादली पुरायचीच होती तर निदान नारळ ठेवायचा.

कीर्ती पसरली, तशी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या मुलीनं फोन केला. त्याच कात्रजवाल्या जोडप्यानं नाव सुचवलं होतं. टीम बिल्डिंग करायची होती, हिंजवडीच्या आवारातच, दोन तासांत, बाहेर न जाता. क्लूकर्णी एका बुधवारी पाहणीला गेले. काचेच्या इमारती, हिरवळ, कॅन्टीन, पार्किंग. एकाही वस्तूला टोपणनाव नाही. ते आल्या पावली परत निघाले, आणि गावातून जाताना त्यांना म्हातोबाचं देऊळ दिसलं.

त्या मुलीला त्यांनी सांगितलं, आवारात जमणार नाही, गावात करतो. ती म्हणाली, "सर, गाव म्हणजे?" त्यांच्या कंपनीतली शे-दीडशे माणसं रोज त्या गावातून ये-जा करत होती आणि गाव म्हणजे सिग्नल अशी त्यांची समजूत होती. क्लूकर्णींनी पाकिटं केली, म्हातोबाची, चैत्रात बगाड फिरतं त्या वाटेची, ते बगाड ओढणाऱ्यांची, त्यावर चढणाऱ्या गळकऱ्याची. देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना पाकिटं सांभाळायला दिली. म्हाताऱ्यांनी गजऱ्यासारखी अट घातली नाही, पण प्रत्येक टीमला बसवून आधी विचारलं, "कुणाचं रं तुम्ही?" कोण कुणाचं हे सांगता सांगता अर्ध्या कंपनीला उशीर झाला. एक व्यवस्थापक म्हाताऱ्यांबरोबर तंबाखू मळताना सापडला. त्याची टीम हरली, तो मात्र खुशीत होता.

त्या मुलीनं नंतर एक फॉर्म पाठवला. उपक्रमाची उद्दिष्टं कोणती, सहभागी काय शिकले, एक ते पाचपैकी किती गुण. क्लूकर्णींनी तो कोऱ्या चेहऱ्यानं वाचला आणि बाजूला ठेवला. खाली मानधनासाठी बँकेचा तपशील मागितला होता. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला खाते क्रमांक कसा द्यायचा हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांनी तो एका ओवीत कळवला.

पैसे अजून जमा झालेले नाहीत. कंपनीच्या अकाउंट्स विभागातल्या दोघांनी मात्र येत्या रविवारसाठी नाव नोंदवलंय.